आधी मोड, मग बेरीज

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्यायला थांबले, तर पाटीमागे आजी नव्हती, तिची नात होती. माझ्याच वर्गातली. दुसरीतली, सात वर्षं पूर्ण झालेली. जुडी दहाची. मी वीसची नोट दिली. तिनं पोत्याच्या घडीखालून दोन पिवळी नाणी काढून माझ्या हातावर ठेवली. पाच आणि पाच. चोख.

मला कौतुक वाटलं आणि जरा ओशाळायलाही झालं. कारण दोनच दिवस आधी, सोमवारी, तिच्या वहीत मी लाल गोल केला होता. पानावर तीन नाण्यांचं चित्र होतं : एक पाचचं, एक दोनचं, एक एकचं. खाली प्रश्न, ‘एकूण किती पैसे?’ तिनं लिहिलं होतं, ३.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मुलीचं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. घरचे लोक तिला ‘बाय’ म्हणतात. त्या भागात निम्म्या मुली बायच असतात, म्हणून मीही इथे तेच वापरते.

गुरुजींना बाजारातली गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “बघा, पोरीला हिशेब येतोय. पुस्तकच तिला परकं आहे.” मलाही ते पटलं. आमच्या पेशात हे पटायला फार सोपं असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर १९८५ साली छापून आलेला अभ्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणात हटकून ऐकायला मिळतो. तोंडी हिशेब बिनचूक करणारी मुलं तेच गणित कागदावर आलं की चुकायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच काहीसं मांडलं. त्यांनी उलटी बाजूही दाखवली, की शाळेत गणित येणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळतात. म्हणजे आमची बाय या चौकटीत अगदी फिट्ट बसत होती. बाजारात पास, शाळेत नापास.

पुढच्या बुधवारी ही चौकट मोडली, तीही माझ्या हातून चुकून. पर्समध्ये नोट नव्हती. मेथीची जुडी पंधराची होती, मी पाचची चार नाणी दिली. बायनं नाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळून हाक मारली, “आज्जे, बाईंनी नोटच दिली न्हाई!”

तिला हिशेब येत नव्हता. तिला दोन ओळींची रीत पाठ होती. वीसची नोट आली आणि जुडी दहाची असली की दोन पिवळी द्यायची, पंधराची असली की एक पिवळं. आजीनं शिकवलेली ही रीत बाजारापुरती पुरेशी होती, कारण गिऱ्हाईक बहुतेक नोटच देतं. पण ते पिवळं म्हणजे पाच, आणि पाच म्हणजे एक-एक करत पाच, हे तिच्या गावीही नव्हतं. मोठ्या मुलांवरचे ते अभ्यास खोटे नाहीत. पण ती मुलं स्वतः धंदा करतात. बाय फक्त आजीचा हात होती.

डब्यातली नाणी

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिला घेऊन ओट्यावर बसले. घरातल्या स्टीलच्या डब्यात साठलेली चिल्लर बरोबर नेली होती.

आधी एक-एकची अकरा नाणी दिली. तिनं एकेक बाजूला सारत बरोबर अकरा मोजली. एकही सुटलं नाही, एकही दोनदा मोजलं गेलं नाही. म्हणजे मोजणीत खोट नव्हती.

मग पाच, दोन, एक अशी तीन ठेवली. “किती पैसे?”

“तीन.”

“तीन काय?”

“तीन पैसे.” आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंना एवढंही दिसेना का.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण ‘पैसे’ म्हणतो तेव्हा ते मूल्यही असतं आणि वस्तूही. तिच्या घरी नाण्याला पैसाच म्हणतात. “खाली पैसा पडलाय बघ” म्हणजे नाणं पडलंय. मी विचारलं किती पैसे, तिनं सांगितले तीन पैसे. प्रश्नाला उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. चूक असलीच तर पानावरच्या प्रश्नात होती, आणि लाल गोल माझा होता.

म्हणून प्रश्न बदलला. “एवढ्यात काय येईल? रुपयावाली गोळी घेतली तर किती गोळ्या?” ती बराच वेळ गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, “तीनच की.” म्हणजे भाषेचा घोळ बाजूला काढला तरी खाली खरा घोळ होताच. बरं झालं, मी पहिल्या शोधावर खूश होऊन थांबले नाही.

यात आमचाही हात आहे. अंगणवाडीपासून पहिलीपर्यंत आम्ही एकास-एक संगती ठोकून ठोकून शिकवतो. एका मण्याला एक आकडा, एका काडीला एक आकडा. मुलांच्या बोटांत ते मुरतं. आणि दुसरीत नाणी पुढे ठेवून म्हणतो, आता हे एक दिसतंय पण पाच म्हण. मुलानं का म्हणावं?

मग डबा उपडा केला आणि सांगितलं, सारखे सारखे एकत्र लाव. तिनं रंगावर लावले. पिवळे एकीकडे, पांढरे एकीकडे. पांढऱ्यांत एकचेही होते, दोनचेही होते, आणि जुना जाडजूड पांढरा पाचही होता. तिला ते सगळे ‘एक’ वाटत होते.

मी तिला हसणार होते, पण पट्टी काढून मोजायला लागले आणि गप्प झाले. १९९२ साली आलेला स्टीलचा रुपया पंचवीस मिलिमीटर रुंद. २०११ च्या मालिकेतला दोनचा ठोकळाही पंचवीस. २०१९ च्या मालिकेतला पाचही पंचवीसच. तीन वेगळ्या किमती, एकच माप. त्यात २०११ च्या मालिकेत दोनचं नाणं पाचच्या नाण्यापेक्षा मोठं, कारण पाचचं तेवीस मिलिमीटरचं. नवा रुपया तर वीस मिलिमीटरवर आलाय, चिमुकला. मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे, हा मुलांचा साधा, शहाणा अंदाज आपल्या चिल्लरीत टिकतच नाही. २०१९ च्या मालिकेत एकपासून दहापर्यंत नाणी ओळीनं मोठी होत जातात. दृष्टिहीनांना हातानं ओळखता यावीत म्हणून ती तशी केली. पण डब्यात ती जुन्या सगळ्यांच्या गर्दीत येऊन पडतात. पुस्तकातलं नाणं एका साच्याचं असतं, डब्यात तीन पिढ्या एकत्र नांदतात.

आणखी एक बारीक गोष्ट. नाण्यावरचा आकडा इंग्रजी वळणाचा असतो. बायनं शाळेत पक्के गिरवलेत ते देवनागरी. दोघांतले दोन जरा भावासारखे दिसतात, पण पाच आणि पाच अजिबात नाही. इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे तो आकडा तिला वाचता येत होता, पण तिथे बघायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. ती नाणं उलटंसुलटं न करता नुसतं रंगानं ओळखायची.

म्हणून पहिला आठवडा बेरीज बंद. नुसती नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायची. आकडा हळूहळू वर येतो, गव्हाच्या लोंब्या येतात, सिंह येतात. सगळा वर्ग त्या खेळात बुडाला. हस्तमुद्रेच्या, म्हणजे हाताच्या बोटांचं चित्र असलेल्या मालिकेतला रुपया उमटला तेव्हा एकानं अंगठा वर केला, दोनच्या नाण्यावरची दोन बोटं पाहून सगळ्यांनी दोन बोटं. २००७ मध्ये ही नाणी आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला विचित्र वाटली होती. आता वाटतं, सात वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगलं नाणं आपल्याकडे निघालेलं नाही.

(शाळेच्या साहित्यपेटीत पुठ्ठ्याची नाणी आहेत. ती वापरून पाहिली. सगळी एका वजनाची, वाजत नाहीत, आणि मुलं त्यांना तोंडावर ‘खोटे पैसे’ म्हणतात. खऱ्या नाण्यांना मात्र राखण लागते. दुसऱ्याच दिवशी पहिलीतल्या एकानं रुपया तोंडात धरला. तेव्हापासून तीस नाणी मोजून द्यायची, तीस मोजून घ्यायची, आणि अंगणवाडीची पोरं ओट्यावर असली की डबा उघडायचाच नाही.)

बोरं

आता नाणी ओळखू आली. पाचला पाच म्हणायला लागली. पण पाच, दोन, एक ठेवले की अजूनही ‘तीन’, किंवा माझ्या चेहऱ्याकडे बघून ‘पाच’.

मी चिंचोके आणले. पाचच्या नाण्याखाली पाच चिंचोके, दोनखाली दोन, एकखाली एक. म्हटलं, आता दिसेल. तिनं पाचचं नाणं आणि त्याखालचे चिंचोके मोजले, सहा. नाणंही मोजलं ना! पुढे आठाचे अकरा झाले. तिच्या बाजूनं पाहिलं तर काय चुकलं? समोर अकराच वस्तू होत्या. चिंचोके गोळा करून खिशात टाकले.

मग चौकटीच्या वहीच्या पट्ट्या कापल्या. रुपयाला एक चौकट, दोनला दोन, पाचला पाच. नाणं पट्टीच्या टोकाशी ठेवायचं, पट्ट्या एकापुढे एक जोडायच्या. हे पुष्कळ बरं चाललं. वर्गातल्या निम्म्याअधिकांना एवढ्यावरच उमगलं. बायला पट्टी असली की आठ यायचे, पट्टी काढली की तीन.

खरी अडचण फाशाच्या खेळात कळली. फासा टाकायचा, जितके पडतील तितके रुपये घ्यायचे, पाच झाले की माझ्याकडे देऊन बंदा पाच न्यायचा. बायकडे सहा जमले. मी म्हटलं, “चल, पाच दे, बंदा घे.” तिनं मूठ आवळली.

“का गं?”

“माझे पाच घेता नि एकच देता?”

एवढं स्पष्ट मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ही लूट होती. बेरीज येत नाही हा तिचा प्रश्नच नव्हता. एक नाणं पाच नाण्यांच्या बदल्यात उभं राहू शकतं, हा करार तिनं कधी मान्यच केला नव्हता. आणि जो करार मान्य नाही त्याच्यावर मी तीन आठवडे बेरजा रचत होते.

आपल्याकडे या व्यवहाराला नेमके शब्द आहेत : मोड आणि बंदा. आपण ‘शंभरची मोड आहे का’ विचारतो, तेव्हा काही खर्च होत नाही, काही वाढत नाही, फक्त एकाचे अनेक होतात. पण मी खेळ उलट्या टोकानं सुरू केला होता. सुट्टे देऊन बंदा घ्यायचा म्हणजे मुलाच्या हातातून ढीग जातो आणि एक चकती येते. मोड करताना उलटं होतं, एक जातं आणि हातात ढीग येतो. मुलाला कुठलं आवडेल?

शनिवारी सकाळची शाळा. बांधावरची बोरं पिकली होती, टोपलीभर आणली. एक बोर एक रुपया. गल्ल्यावर मी. प्रत्येकाच्या हातात पाचचं एकच नाणं.

बायचा नंबर आला. तिनं नाणं दिलं, एक बोर घेतलं, निघाली.

“अगं, उरलेले घे की.”

“कसले?”

मी तिच्या तळहातावर एक-एकची चार नाणी ठेवली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, जरा संशयानं, बाईंची चूक झाली असेल आणि आता परत मागतील असं. मी काहीच मागितलं नाही. ती रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. परत आली, एक दिला, एक बोर. पुन्हा शेपूट. असं चार वेळा. शेवटी हात रिकामा झाला तेव्हा ओट्याच्या कडेला बसून सगळी बोरं खाल्ली आणि आठोळ्या फरशीवर ओळीनं मांडल्या. पाच.

“बाई, एका पैशाची पाच आली!”

बाजूला बसलेला म्हणाला, “मग? पाचचा होता ना तो.” त्याला ते आधीपासून माहीत होतं. तिला त्या क्षणी कळलं. मी मध्ये बोलले नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

सोमवारी फाशाचा खेळ पुन्हा काढला. तिच्याकडे पाच जमले तसे ती स्वतःच उठून आली. “माझे पाच झाले. बंदा द्या.”

एसटी बदलणं

यापुढचं काम नेहमीचं होतं. ते भराभर सांगते. मोठं नाणं मुठीत धरून ‘मुठीत पाच’ म्हणायचं आणि पुढे सहा, सात, आठ. दोन-तीन दिवसांत आलं. पाचचा पाढा तिला पाठ होता, पण तो कशासाठी असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. चार पिवळी मांडत ‘पाच एके पाच, पाच दुणे दहा, पाच त्रिक पंधरा, पाच चोक वीस’ म्हटलं, तेव्हा ती मध्येच थांबून हसली. पाढ्याच्या आत पैसे निघाले होते.

अडलं ते वळणावर. पाच, दहा, पंधरा म्हणत येते, पुढे दोनचं नाणं आलं तरी ‘वीस’. पाचच्या लयीत गाडी धावत सुटते. यावर उपाय तिच्याच प्रवासातून मिळाला. मामाच्या गावाला जाताना तालुक्याच्या स्टँडवर एसटी बदलावी लागते. म्हटलं, पाचची गाडी इथे थांबली, उतर, दोनच्या गाडीत बस. नाण्यांच्या गटामध्ये आम्ही एक पेन्सिल आडवी ठेवायचो, तो स्टँड. पेन्सिल आली की ती खरंच क्षणभर थांबायची, ओठ हलवायची, “पंधरावर उतरले,” आणि मग, “सतरा.”

मोठ्यापासून मोजायचं हा नियम मात्र मी तिच्यावर लादला नाही. ‘सत्तावीस मांड’ म्हटलं की ती आधी पाच आणि दोन काढायची, मग वीसची नोट. आपला शब्दच तसा चालतो, सत्ता आधी, वीस नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, वर्तमानपत्रं, विधानसभा, विनोद. मी त्या वादात कुठल्याच बाजूला नव्हते, आजही नाही. नाणी मांडताना मात्र दिसतं, की मूल शब्दाच्या मागे जातं. जाऊ द्यावं. रक्कम बरोबर येते ना?

आजीचे शब्द आणखी मागचे. नात चुकली की त्या म्हणतात, “चार आण्याची अक्कल न्हाई.” बायनं एकदा मला विचारलं, “बाई, चार आणे म्हंजे किती?” पाव रुपयाची पावली सांगितली, अर्ध्या रुपयाची अधेली सांगितली. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हा हिशेब १९५७ च्या एक एप्रिलला गेला, आणि चार आण्याच्या जागी आलेलं पंचवीस पैशांचं नाणंही २०११ च्या जूनअखेर बंद झालं. आता चार आणे फक्त शिव्यांत उरलेत. पण मोडीच्या दृष्टीनं ती जुनी पद्धत मुलाला सोपी असावी असं मला वाटतं. रुपया अर्धा, अर्ध्याचा पाव, जशी भाकरी मोडतात तशी. पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊणचे पाढे पाठ करणारी पिढी मोडीतच वाढली होती.

दहाच्या नाण्याची कथा वेगळी. डब्यात ते निघालं तेव्हा बायनं बोटानं बाजूला सारलं. “हे चालत न्हाई.” ओळखीचा प्रश्नच नव्हता, पिवळी कड आणि पांढरं पोट लांबूनही ओळखू येतं. वीसच्या बारा कोनी नाण्याचं बरोबर उलटं, कड पांढरी, पोट पिवळं, हेही तिनं एका नजरेत टिपलं होतं. पण दहाचं बाजारात घेत नाहीत म्हणजे तिच्या लेखी ते पैसेच नव्हते. आणि पैशाची व्याख्या म्हणून हे चूक आहे असं कोण म्हणेल?

मी आजींना जाऊन सांगितलं, की रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, दहाच्या नाण्याची चौदाच्या चौदा डिझाइन्स चालतात. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “ब्यांकेत चालत असंल बाई. पहाटं माल उचलताना यापारी घेत न्हाई, मग मी काय त्याची भाजी करू?” माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. वर्गात मात्र दहा चालतं असं ठरलं. बायनं ते ‘शाळेत चालतं’ म्हणून मान्य केलं, मनापासून नाही.

दुकानाच्या खेळात एक मुलगा गिऱ्हाईक झाला, बोरं घेतली आणि पाटी कपाळाजवळ धरून म्हणाला, “फोनपे केलं बघा.” शेजारच्यानं लगेच दुकानातल्या फोनपेच्या बोलक्या डबीतून आल्यासारखा आवाज काढला, “पंधरा रुपये प्राप्त झाले.” सगळे हसले, मीही. पण तो विचार पाठ सोडत नाही. या मुलांच्या घरी पैसे मोडताना दिसणं कमी होत चाललंय. फोनवर पंधरा म्हणजे बरोब्बर पंधरा जातात, मोड लागतच नाही, काही उरत नाही, काही परत येत नाही. एकाचे पाच होताना पाहायची जागा हळूहळू फक्त शाळेत उरेल की काय.

जानेवारी

महिनाअखेरीस पुन्हा तपासलं. पाच, दोन, एक, तीही जुनी-नवी मिसळून, उलटी-पालटी ठेवून : आठ. पाचची तीन, दोनची दोन, एकचं एक : वीस, ओठ हलवत, पेन्सिलीशिवाय. पानावरच्या चित्रातली नाणी मात्र अजून कधीकधी चुकते. चित्रात नाणं उलटं करून पाहता येत नाही, ही तिची तक्रार मला रास्त वाटते. वर्गात दोघं अजून ‘तीन’वर आहेत. त्यातल्या एकाची मोजणीच कच्ची आहे, त्याला मोडीकडे न्यायला वेळ लागेल. दुसऱ्याचं मला अजून नीट कळलेलं नाही.

आणि मी त्या पानावरचा प्रश्न खोडून वर लिहिलंय, ‘एकूण किती रुपये?’ तिच्या वहीतला लाल गोलही खोडला. तिनं विचारलं, “का?” म्हटलं, “माझं चुकलं होतं.” तिला फार आनंद झाला.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी बाजारात गेले. हरभऱ्याची जुडी, पंधरा. आजी तिथेच होत्या, पण पान लावत होत्या, बघत नव्हत्या. मी मुद्दाम पन्नासची नोट दिली. पन्नासमधून पंधरा वजा करायला आम्ही अजून शिकवलेलंच नव्हतं.

बायनं जुडी माझ्या पिशवीत टाकली. “हे पंधराचं.” मग पाचचं नाणं माझ्या हातावर ठेवलं, “वीस.” वीसची नोट ठेवली, “चाळीस.” ही रीत माझी नव्हती. वजाबाकी न करता किमतीवरून वर चढत जायचं, ही आजींची, सगळ्या बाजाराची. ती तिनं शेजारी बसून उचलली होती, आणि आता त्यातला प्रत्येक टप्पा तिला कळत होता.

दहा उरले. तिनं पोत्याखाली हात घातला, चाचपलं. नोटा होत्या, मला दिसत होत्या. तिनं त्यांच्याखालून पिवळ्या काठाचं, पांढऱ्या पोटाचं नाणं काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “पन्नास.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“तुमाला चालतंय की, बाई.”